डाग

खडकी बाजारात मुदलियारांच्या परमिट रूममध्ये
बर्फाच्या पेटीला खेटून उभा आहे ज्यूकबॉक्स.
माणसाएवढा. पोटात शंभर सीडी.
काचेवर वाळलेलं गंध, दसऱ्याचं असावं;
यंत्र बंद म्हणून झेंडू चुकत नाही.

सेल्वराज म्हणाले, ताई, फिरतो, उचलतो, ठेवतो,
पण वाचत नाही.
माझ्या धाकट्याबद्दल बाईंनी हेच सांगितलं होतं.

आधी नाक लावायचं, मग मीटर.
जळका वास नाही. झुरळांचा आहे.
रुळांवरचं ग्रीस मेणासारखं झालेलं, ते स्पिरिटनं पुसलं.
पाचाच्या जागी चार व्होल्ट,
दोन कपॅसिटर पुरीसारखे टम्म. बदलले.
तरी हात चकती आणतो, चिमटा बसतो खटकन,
भिंग तीनदा वर-खाली होतं
आणि नाद सोडून देतं.

लेझर गेला, म्हटलं.
तापकीर गल्लीत, जिन्याखालच्या ओसवालांकडे
एकच नग निघाला, चंदेरी पिशवीत,
परत घेणार नाही या बोलीवर.
बसवला. आता तर काहीच नाही.
जुन्यात निदान तिरकं पाहिलं की
तांबडं टिंब दिसायचं.

मग बोर्डावर संशय. रिबनवर. मोटरवर.
एकेक वायर वाजवून पाहिली.
तीन दिवस दापोडीहून हॅरिस पूल ओलांडून यायचं
आणि तसंच परत जायचं.
मुदलियारांच्या चहातलं आलं कमी होत गेलं.
दारूगोळा कारखान्यातून सुटून आलेले भोंडवे
पहिल्या पेगला म्हणत, थापट मारा.
दुसऱ्याला, भंगारात घाला.
तिसऱ्याला डोळे मिटून, सत्तेचाळीस नंबर लागायचा ना, तेव्हा...
पुढचं सांगत नसत.

चौथ्या दिवशी लेकीचा भिंगाचा दिवा आणला.
नव्या लेझरच्या पाठीवर, रिबनच्या मुळाशी
बाजरीच्या दाण्याएवढा थेंब,
दोन तांब्याच्या टिकल्या एकीत एक करून बसलेला.
कथिलाचा. गोल. बरोबर मधोमध.

ओळखला मी तो.
आपण घातलेली टीप आपल्याला कळते, तसा.

भोसरी, ब्याण्णव ते नव्व्याण्णव, दुसरी पाळी.
निळा एप्रन, मनगटातून जमिनीत गेलेली तार,
समोरून सरकणारे नग, आणि माझं काम एवढंच:
एक थेंब. तासाला दीडशे.
कशाला, विचारलं होतं एकदा.
सुपरवायझर अष्टेकर म्हणाले, मावशी, डाग द्यायचा,
डोकं नाही लावायचं.
मी सव्वीस वर्षांची होते. मावशी!

माणसाच्या बोटातल्या विजेनं मरू नये म्हणून
प्रवासापुरतं त्याचं तोंड शिवलेलं असतं.
जागेवर पोचला की उसवायचं.
हे नंतर शिकले, कोर्सच्या वहीत लिहिलंही होतं,
पण इतके नग हातून गेले होते
की थेंब मला त्याचाच एक अवयव वाटायचा,
नाकासारखा. म्हणून तीन दिवस दिसला नाही.

सोल्डरिंग तापवलं, तांब्याची वात ठेवली.
थेंब हलला आणि वातीत चढला.
टाकले किती त्याचा हिशोब नाही.
काढला हा पहिला.

भिंग वर गेलं, या वेळी थांबलं.
चकती आळस दिल्यासारखी वळली,
मग इतकी वेगात की वळतेय हे दिसेना.
भोंडव्यांनी सत्तेचाळीस दाबला.
लागला अठ्ठेचाळीस.

हाताच्या गिअरचा एक दात सरकलाय, मी म्हटलं,
अर्ध्या तासाचं काम आहे.
भोंडवे पेला धरून ऐकत उभे.
म्हणजे सेहेचाळीस दाबला की तो लागेल?
लागेल.
बरं, म्हणाले. आणि दाबला नाही.
अर्धा तास राहू द्या, ताई. आज राहू द्या.

बिलात तीन दिवस धरले नाहीत.
लेझर, दोन कपॅसिटर, स्पिरिट,
आणि खाली, डाग काढल्याचे पन्नास.
सेल्वराजनी विचारलं, कसला डाग?